हुंडा नाही, पण हक्कसोड आहे

‘कोकणात हुंडा नाही’ असा गौरव करणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. अभिमान रास्त आहे. पण वडील गेल्यावर याच घरांत मुलींपुढे हक्कसोड पत्र, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, ठेवले जाते. ‘माहेर तुटेल’ एवढा इशारा सहीला पुरतो. भावाकडून कोणी सही मागत नाही!

महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समान हिस्सा दिला. २००५ साली वडील हयात नसले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही सातबाऱ्यावर मुलींची नावे अनेकदा भोगवटादारांऐवजी (जमीनधारकांऐवजी) ‘इतर अधिकार’ या रकान्यात पडतात. मग कलमांची बाग विकली जाते तेव्हा बहिणीला कोणी विचारत नाही.

वारस नोंदीच्या अर्जातच सर्व बहिणींची नावे आहेत का, ते पाहावे. नुसत्या स्टँप पेपरवरील हक्कसोड चालत नाही, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. फेरफाराची (सातबाऱ्यावरील नावे बदलण्याची) नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत देऊन पोच घ्यावी. तोंडी हरकत कागदावर येत नाही.

– एक वाचक, रत्नागिरी