फिनलंडची रुइयू उलटूनही पाहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गृहसजावटीवरील लेखांतून लांब लवेच्या गालिच्यांना सरसकट ‘नॉर्डिक’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. फिनलंडच्या रुइयूचा, म्हणजे तिथल्या गाठी मारून विणलेल्या लांब लवेच्या लोकरी वस्त्राचा, नावानिशी उल्लेख झालाच, तर तो भिंतीवरची शोभेची वस्तू म्हणून होतो. मुळात ती आपल्या गोधडीसारखी पांघरायची वस्तू होती आणि तिच्या नक्षीतले मोठे बदल तिचा उपयोग बदलत गेल्यामुळे झाले, ही गोष्ट वाचकांपर्यंत पोहोचायला हवी, असे मला कळकळीने वाटते.

किनारपट्टीवरच्या मच्छीमारांना होडीत उबेसाठी केसाळ कातडी असत; पण ती खाऱ्या पाण्याने भिजली की ताठर होत, म्हणून त्यांच्या जागी लोकरीची रुइयू आली. ताण्याच्या दोन धाग्यांभोवती लोकर गुंडाळून तिची दोन्ही टोके मधून पुढे काढायची, अशा गाठींची एक ओळ पुरी झाली की बाण्याचे बरेच साधे धागे ठोकून बसवायचे आणि मगच पुढची ओळ धरायची, अशी ही रीत आहे. ओळी विरळ असल्याने पांघरूण हलके राही. लव अंगाकडे आणि सपाट बाजू वर येत असल्यामुळे लवेच्या बाजूला नक्षीची फारशी गरजच नव्हती.

पुढे 18व्या शतकात ती शेतकरी घरांत मानाची वस्तू झाली, तेव्हा लवेची बाजू दर्शनी ठरली आणि तिच्यावर जीवनवृक्ष, ट्यूलिप, हृदये, वधूवरांच्या नावांची आद्याक्षरे आणि साल उमटू लागले. विवाहविधीच्या वेळी वधूवर तिच्यावर उभे राहत. या ग्रामीण रुइयूंतले रंग मला आजही सर्वांत देखणे वाटतात.

चित्रकार फॅनी चुरबेर्ग यांच्या पुढाकाराने 1879 मध्ये ‘फिनिश हस्तकलेचे मित्र’ ही संस्था स्थापन झाली. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता आणि जुन्या विणकामाकडे देशाची स्वतःची ओळख म्हणून पाहिले जाऊ लागले होते. याच संस्थेने विणलेली, अक्सेली गाल्लेन-काल्लेला यांच्या आराखड्याची ‘ज्वाला’ ही रुइयू 1900 च्या पॅरिस प्रदर्शनातील फिनिश दालनात होती. बाकावरून थेट जमिनीवर उतरणाऱ्या त्या रुइयूत जुन्या फुलापानांऐवजी ज्वाळांचे आकार होते. 1950 च्या दशकात एवा ब्रुमर यांनी लव मुद्दाम कमीजास्त उंचीवर कापून पृष्ठभागालाच उठाव दिला, तर उह्रा-बेआता सिमबेर्ग-एहरस्ट्रोम यांनी निरनिराळ्या छटांचे धागे एकत्र गुंफून चित्राइतके सूक्ष्म रंग साधले. रुइयू भिंतीवर स्थिरावली ती अशी, आणि तिथेही तिची गाठ जुनीच राहिली.

म्हणून विनंती अशी की, यंत्रावर काढलेल्या कोणत्याही केसाळ गालिच्याला या परंपरेचे नाव देऊ नये आणि आपल्या पुरवणीत रुइयूचे छायाचित्र छापताना शक्य तेव्हा तिची सपाट बाजूही दाखवावी, कारण गाठींच्या ओळींमधले साधे विणकाम तिथेच नीट पाहता येते.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर