विमान रद्द आमचं, पैसे तिसऱ्यालाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत आज किती विमानं रद्द होतील यावर रोज पैसे लावले जातात, ही बातमी आपण काल अर्थविषयक पानावर छापलीत. सोबत भाव कसा ठरतो त्याची चौकट: आज अमुक आकड्याहून जास्त विमानं रद्द होतील का, याला 'हो' म्हणायचा भाव 40 सेंट, अंदाज खरा ठरला की 1 डॉलर. शेअरची शिफारस करावी तशी सगळी मांडणी. ज्यांचं विमान रद्द होतं, त्यांच्याबद्दल एक ओळही नाही. वाचून रात्रभर संताप होत होता.

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन मी नागपूरला निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचा दहावा होता. आईचं वय 79, गुडघ्यांमुळे व्हीलचेअर लागते. सामान दिलं, तपासणी झाली, आत जाऊन बसलो आणि साडेआठनंतर मोबाइलवर संदेश आला: ऑपरेशनल कारणांमुळे उड्डाण रद्द. तोवर सीएसएमटीहून नागपूरची विदर्भ एक्स्प्रेसही सुटली होती आणि दुरांतोही. हेच संध्याकाळी पाचला कळवलं असतं, तर टीसीच्या हातापाया पडून मी आईला गाडीने नेलं असतं. शेवटी सख्ख्या भावाचा दहावा तिने मोबाइलवर पाहिला. पिंडाला कावळा शिवला की नाही, तेही तिला धड दिसलं नाही. अजून ती मला विचारते.

वेळेत न कळवता विमान रद्द केलं, तर एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी 7,500 रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली कमी असेल ती रक्कम भरपाई म्हणून द्यावी, असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. मात्र कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर भरपाई नाही. मला तेच उत्तर आलं. त्याच रात्री, त्याच टर्मिनलवरून दुसऱ्या कंपनीचं नागपूरचं विमान वेळेवर गेलं होतं. मी हे लिहून कळवलं, तर पुन्हा तेच छापील उत्तर.

आता पैसे लावणाऱ्याचं बघा. विमान धुक्याने रद्द झालं, वैमानिक नव्हता म्हणून झालं की कंपनीच्या ढिसाळपणामुळे, त्याला कोणी विचारत नाही. आकडा भरला की पैसे खात्यात. विमानतळावर अडकलेल्या म्हाताऱ्या बाईला कारण दाखवून परत पाठवायचं आणि घरी बसलेल्या तिऱ्हाइताला बिनबोभाट पैसे द्यायचे, हा कुठला न्याय?

जुन्या मुंबईत पावसावर सट्टा चालायचा. 1887 च्या जुगारविरोधी कायद्यात 1890 साली दुरुस्ती करून तो गुन्हा ठरवला गेला. पाऊस पाडणं कोणाच्याच हातात नव्हतं, तरीही. विमान रद्द होणार हे मात्र ड्यूटीचं वेळापत्रक लावणाऱ्याला, दुरुस्ती विभागातल्या माणसाला आधी कळतं. आणि बाहेरच्या माणसालाही ते घडवून आणता येतं. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्याकडे शेकडो विमानांना बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या होत्या. कित्येक विमानं वळवावी लागली, प्रवासी तासन् तास अडकले. तेव्हा निदान त्यावर कोणाचे पैसे लागलेले नव्हते. उद्या ते लागले, तर असा एक संदेश पाठवून कमाई करणारे निघणार नाहीत, याची हमी कोण देणार?

आपल्या देशात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. एवढ्या मोठ्या बातमीत हे सांगायला जागा नव्हती? माझा भाचा विशीतला आहे. त्याने बातमी वाचून पहिला प्रश्न केला, "मावशी, इथून खातं कसं उघडायचं?"

आणखी एक. डीजीसीए दर महिन्याला देशातल्या विमान कंपन्यांची आकडेवारी जाहीर करते. कोणी किती टक्के उड्डाणं रद्द केली आणि कोणत्या कारणाने, हे त्यात असतं. आपल्या अंकात मात्र फक्त कोणाचा बाजारातला वाटा किती वाढला तेवढंच येतं. रद्द उड्डाणांचा तक्ता आणि भरपाईचे नियम दर महिन्याला छापा. काल त्या चौकटीला दिली, तेवढी जागा पुरेल.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)