नावे उसनी घेऊन नायक घडत नाही

मा. संपादक,

किशोरांसाठीच्या फँटसी कादंबऱ्यांचा विषय निघाला की ‘ग्रीक पुराणातली चार नावे घेतली, दोन राक्षस घातले की झाले पुस्तक’ असा सूर हमखास लागतो. या समजाचा फटका आपल्याकडे पुराणकथांवरून मुलांसाठी लिहू पाहणाऱ्यांनाही बसतो, कारण तेही मग नावे आणि अस्त्रे तेवढी उचलतात. म्हणून मूळ कथा आणि कादंबरी शेजारी ठेवून पाहण्यासाठी हे पत्र.

अमेरिकन लेखक रिक रायर्डन यांची ‘द लायटनिंग थीफ’ ही कादंबरी २००५ साली आली. तिचा नायक पर्सी जॅक्सन. नाव ग्रीक वीर पर्सियसचे, पण पर्सियस हा देवांचा राजा झ्यूसचा मुलगा आणि पर्सी समुद्रदेव पोसायडनचा. पोसायडनचा मुलगा म्हणून कथांमध्ये येतो तो थीसियस. बैलाच्या डोक्याचा नरभक्षक मिनोटॉर, आणि पाहुण्यांना पलंगाच्या मापात बसवण्यासाठी ताणणारा नाहीतर कापणारा प्रोक्रस्टीज, हे दोघेही थीसियसने मारलेले. कादंबरीत ते पर्सीच्या वाट्याला येतात. एकाच मुलात दोन वीर सांधले आहेत. नाव मात्र आईने विचार करून ठेवलेले आहे. थीसियसला स्कायरॉस बेटावर कड्यावरून ढकलून देण्यात आले, हेराक्लीस विषारी वस्त्राने होरपळला; शेवट बरा झाला अशा मोजक्या वीरांपैकी पर्सियस एक.

केसांच्या जागी साप असलेल्या मेड्युसाचा प्रसंग तर बारकाईने पाहण्यासारखा आहे. मूळ कथेत राजा पॉलिडेक्टीजला पर्सियसची आई डॅनाई हवी असते. मुलगा आड येतो, म्हणून राजा त्याला मेड्युसाचे शिर आणायला धाडतो. परत येऊ नये हाच हेतू. अपोलोडोरसच्या नावे असलेल्या ग्रंथात पुढचा क्रम नीट दिला आहे. तीन म्हाताऱ्या बहिणी, तिघींत मिळून एक डोळा आणि एक दात. पर्सियस ते दोन्ही लांबवतो आणि वाट सांगितल्याशिवाय परत करत नाही. मग अप्सरांकडून पंखांच्या वहाणा, शिर ठेवायची झोळी आणि अदृश्य करणारी पाताळदेव हेडीसची टोपी मिळते, देवदूत हर्मीसकडून विळा. मेड्युसाकडे थेट पाहिले तर दगड व्हायचे, म्हणून कांस्याच्या ढालीतल्या प्रतिबिंबावर नजर ठेवून तो वार करतो, तेव्हा त्याच्या हाताला दिशा देते देवी अथीना. परतल्यावर तेच शिर दाखवून तो राजाचा दगड करतो.

कादंबरीत ढालीच्या जागी बागेत शोभेला ठेवतात तसला काचेचा गोळा येतो आणि मेड्युसा रस्त्याकडेला पुतळ्यांचे दुकान चालवते. असले बदल कोणालाही सुचतील. रायर्डन यांची खरी करामत नंतर दिसते. पॉलिडेक्टीजच्या जागी त्यांनी पर्सीचा सावत्र बाप ठेवला आहे, आईला छळणारा. शिर हाती असूनही पर्सी ते त्याच्यावर वापरत नाही. आईपाशी ठेवून निघून जातो आणि निर्णय तिचा ती घेते. पुढे ‘पुतळा’ विकून आलेल्या पैशांतून तिचे नवे घर आणि कॉलेजची फी भागते. डॅनाईला स्वतःबद्दल काही ठरवायची संधी मूळ कथेत मिळतच नाही. कथेचा एवढा एकच सांधा फिरवला आहे, पण त्यामुळे नायक कोणाला म्हणायचे याचा अर्थच पालटतो.

पर्सीला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना अक्षरे नीट न लागण्याची अडचण आहे, एका जागी बसवत नाही. याचे कारण कादंबरी त्याच्या रक्तात शोधते: डोळे प्राचीन ग्रीक वाचायला घडलेले, चुळबुळ ही रणांगणातली सावधता. रायर्डन यांनी ही कथा आधी अशाच अडचणी असलेल्या स्वतःच्या मुलासाठी रचली होती.

सुझान कॉलिन्स यांनी ‘द हंगर गेम्स’मागे (२००८) थीसियसची कथा असल्याचे स्वतः सांगितले आहे. अथेन्सने क्रीटला खंडणी म्हणून, मिनोटॉरचे भक्ष्य व्हायला, ७ मुलगे आणि ७ मुली पाठवायच्या. कादंबरीत १२ जिल्ह्यांतून एकेक मुलगा, मुलगी, एकूण २४. थीसियस आपणहून जातो, कादंबरीची नायिका कॅटनिस धाकट्या बहिणीऐवजी पुढे होते. पण कॉलिन्स यांनी मिनोटॉरच काढून टाकला! मुलांना मारायला तिथे मुलेच आहेत, म्हणून जिंकणाऱ्याचेही हात स्वच्छ राहत नाहीत.

बिघडते कुठे, तर शक्तीला किंमत नसते तिथे. पर्सीही पाताळातल्या स्टिक्स नदीत उतरून अभेद्य होतो, पण कमरेजवळची एक जागा उघडी ठेवूनच. दुसरी चूक म्हणजे उशिराची कथा मूळ समजणे. ग्रीक वीर अकिलीसला अभेद्य करण्यासाठी स्टिक्समध्ये बुडवल्याची गोष्ट होमरच्या ‘इलियड’मध्ये नाही, ती पहिल्या शतकातल्या रोमन कवी स्टेशियसकडे आढळते.

हीच रीत महाभारताला लावता येते. रायर्डन यांच्या नावाच्या पुस्तकमालेत २०१८ साली पहिले पुस्तक आले ते रोशनी चोक्शी यांचे, अरू शाह या मुलीचे. तिच्यात अर्जुनाचा आत्मा आहे. मराठीत तर हे सारे घरातले. कर्णाला विद्या ऐन वेळी विसरण्याचा शाप आहे, अभिमन्यूला चक्रव्यूहातून बाहेर पडणे ठाऊक नाही. नव्या कादंबरीत हे काढून त्यांच्या हाती नुसती तेजस्वी अस्त्रे दिली, तर त्यांना कर्ण-अभिमन्यू तरी का म्हणावे?

आपल्या बालपुरवणीत अशा पुस्तकांची ओळख येते, तेव्हा सोबत एक लहान चौकट द्यावी ही विनंती: मूळ नायक कोण, त्याची कथा कोणत्या ग्रंथात आहे आणि लेखकाने नेमके काय बदलले. शेवट मात्र छापू नये, तो मुलांना स्वतः वाचू द्यावा.

– किशोर साहित्याचा एक अभ्यासक, पुणे