महाधमनीच्या शस्त्रक्रियेआधी किडनी तपासा

संपादक महोदय,
सा.न.वि.वि.

वडिलांच्या पोटातल्या महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, ५.८ सेंटिमीटरचा फुगवटा निघाला. पुरुषांत साधारण ५.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो, म्हणून आम्ही तातडीने निपाणीहून बेळगाव गाठले. तिथे रक्तातले क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की हे वाढते) २.१, म्हणजे जास्त आले. सर्जन म्हणाले, "पोटात दुखत नाही ना? मग आधी किडनी सावरू." दुखू लागले तर मात्र फुगवटा फुटण्याची भीती, एक मिनिटही थांबायचे नाही, हेही त्यांनी बजावले.

या शस्त्रक्रियेत महाधमनीला चिमटा लावतात, तेव्हा किडनीचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. सीटी स्कॅनसाठी शिरेतून देतात त्या डायचाही किडनीवर ताण येतो. आधीच थकलेली किडनी मग डायलिसिसवर जाऊ शकते.

डॉक्टरांनी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. डायक्लोफिनॅक या किडनीला बाधणाऱ्या वेदनाशामकाच्या चार पट्ट्या निघाल्या, गुडघ्यांसाठी चिठ्ठीविना आणलेल्या! त्या बंद झाल्या. रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या, पाणी किती प्यायचे ते ठरवून दिले, डायनंतर काही दिवस जाऊ देऊन रक्त पुन्हा तपासले. क्रिएटिनिन १.५ वर आले, मगच शस्त्रक्रिया झाली. डायलिसिस लागले नाही.

सीमाभागातल्या औषध दुकानदारांना हात जोडून विनंती, म्हाताऱ्या माणसांना वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीविना देऊ नका. आमच्या तंबाखूच्या पट्ट्यात पासष्टीपुढच्या बिडी ओढणाऱ्या पुरुषांची असा फुगवटा शोधायला एकदा पोटाची सोनोग्राफी सरकारी शिबिरांत व्हावी, आणि त्याच दिवशी क्रिएटिनिनही तपासावे.

एक वाचक, निपाणी