काका, तुमच्या सेलमुळे चित्र निवळलं

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या परिच्छेदात तुमचं नाव आहे, एका ओळीत. तुम्ही नेमकं काय केलंत ते त्या ओळीतून कुणालाच कळणार नाही, म्हणून हे उघड पत्र. तुम्ही आता निवृत्त होऊन बेळगावला राहता; पण बंगळूरच्या ज्या प्रयोगशाळेत तुम्ही लिक्विड क्रिस्टलचे सेल (दोन काचांमध्ये भरलेला द्रवाचा पातळ थर) बनवायचात, तिथे यापुढे येणाऱ्या मुलांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. लिक्विड क्रिस्टल म्हणजे द्रवासारखं वाहणारं, पण स्फटिकासारखी रेणूंची दिशा राखणारं द्रव्य.

बाकीच्या वाचकांसाठी आधी आमची अडचण सांगते. लेझरचा उजेड भिंतीवर किंवा दुधी काचेवर टाकला की तो सलग दिसत नाही. रवा सांडल्यासारखे लखलखीत आणि काळे कण दिसतात. हा स्पेकल. खडबडीत पृष्ठभागाच्या बिंदूबिंदूवरून निघालेल्या लहरी एकमेकींत मिसळतात; कुठे त्यांची बेरीज होते, कुठे वजाबाकी. बल्बच्या प्रकाशात हा हिशोब इतक्या झपाट्याने बदलतो की डोळ्यांना सरासरीच दिसते. लेझरच्या लहरी एका तालात चालतात, म्हणून कण जागच्या जागी ठाण मांडून बसतात. 1960 च्या दशकात हेलियम-निऑन लेझर आले तेव्हापासूनचं हे दुखणं आहे. होलोग्राफीचे जनक डेनिस गाबोर यांनीही 1970 साली, म्हणजे नोबेल मिळण्याच्या आदल्या वर्षी, याच विषयावर लिहिलं होतं. आमच्या सूक्ष्मदर्शकात कांद्याच्या पापुद्र्यातली पेशीभित्ती कुठली आणि स्पेकलची कड कुठली, हे ओळखता येत नव्हतं.

यावरचा उपाय कागदावर सोपा आहे. एकमेकांशी संबंध नसलेले स्पेकलचे नमुने एकाच फोटोत एकावर एक पडू द्यायचे. शंभर नमुने मिसळले की कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-काळ्या कणांतला फरक, दहा टक्क्यांवर येतो, कारण तो नमुन्यांच्या वर्गमूळाने घटतो. तो आणखी निम्म्यावर आणायचा तर चौपट, म्हणजे चारशे नमुने हवेत. आणि सेकंदाला 25 फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात हे सगळं 40 मिलिसेकंदांच्या आत उरकायला हवं. आम्ही मोटरवर फिरणारी दुधी काचेची चकती वापरत होतो. स्पेकल कमी व्हायचा, पण मोटरची थरथर टेबलामार्गे बघायच्या पापुद्र्यापर्यंत पोचायची.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "काच कशाला फिरवतेस? आतलं द्रव फिरू दे की."

त्या वाक्यामागे किती जुनी गोष्ट होती ते तुम्ही नंतर सांगितलंत. 1968 साली आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांनी लिक्विड क्रिस्टलचा जो पहिला पडदा दाखवला, तो या घुसळणीवरच चालायचा. द्रवात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असतात. कमी वारंवारतेचा एसी व्होल्टेज दिला की ते मागेपुढे धावतात, आपल्याबरोबर रेणूंनाही ओढतात, आणि पुरेसा व्होल्टेज झाला की पारदर्शक थर खवळून दुधाळ होतो. शार्पच्या 1973 सालच्या खिशातल्या कॅलक्युलेटरचे आकडे असेच उमटायचे. पुढे ट्विस्टेड नेमॅटिक (नेमॅटिक म्हणजे एका दिशेने रांगेत असलेले रेणू, इथे त्या रांगेला पीळ दिलेला) पडदे आले, त्यांना वीज कमी लागायची, आणि ही घुसळण मागे पडली. पडद्याला नकोशी झालेली ती खळबळ स्पेकलवर मात्र फार गुणकारी आहे. दर क्षणी थराची रचना बदलते, म्हणजे दर क्षणी नवा नमुना, आणि हलणारा सुटा भाग एकही नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कायरल नेमॅटिकमध्ये (ज्यात रेणूंची रांग मळसूत्रासारखी वळत जाते) आयन मिसळून हे करून दाखवलं आहे. ते निबंध आम्ही वाचले होते. वाचून सेल बनत नाही, काका. तो तुम्ही बनवायला शिकवलात.

आयटीओचा, म्हणजे वीज वाहून नेणारा पारदर्शक थर दिलेली काच धुण्यापासून सुरुवात. साबणाचं पाणी, अल्ट्रासॉनिक, ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल, आणि प्रत्येक पायरीनंतर काच उजेडात तिरकी धरून बघणं. थर कुठल्या बाजूला आहे ते मल्टिमीटर लावून तपासल्याशिवाय तुम्ही पुढे जाऊ दिलं नाहीत. दोन काचांमध्ये अंतर राखणारे वीस मायक्रॉनचे स्पेसर, दोन कडांना गोंद. रिकामा सेल स्पेक्ट्रोमीटरपुढे धरून, दिसणाऱ्या पट्ट्यांवरून खरं अंतर काढायचं. मग द्रव इतकं तापवायचं की त्याचा धूसरपणा जाईल, आणि त्याच तापमानाला ते केशाकर्षणाने हळूहळू आत जाऊ द्यायचं. "घाई करू नको गं, ते आपलं आपण जातंय." आणि डीसी व्होल्टेज कधीही नाही, एक क्षणही नाही, कारण त्याने पदार्थाचं विघटन होतं. हे तुम्ही ज्या कळकळीने सांगितलंत, ती कुठल्या पुस्तकात मला भेटली नाही.

वारंवारतेचं गणितही तुमच्या हातात होतं. ती फार वाढवली तर आयनांना धावायला वेळच उरत नाही आणि घुसळण थांबते; फार कमी ठेवली तर चित्र लुकलुकतं. तुम्ही नॉब फिरवत होतात आणि मी स्क्रीनवर चित्र किती बारीक दिसतं ते तपासायच्या, 1951 च्या अमेरिकी हवाई दलाच्या तक्त्यातल्या रेषा बघत होते. कण विरत गेले आणि एकमेकींत मिसळलेल्या बारीक रेषा सुट्या झाल्या. सेल प्रकाश पसरवतो, त्यामुळे उजेड थोडा वाया जातो. ती किंमत आम्ही आनंदाने देतो.

याच शहरात शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली चकतीसारख्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल जगापुढे आणले. त्या कामाचा आम्हाला अभिमान आहेच. तुमच्यासारख्यांचे हात अशा प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं काच धूत, सेल भरत आले आहेत, त्यांच्याविषयीही मला तितकंच वाटतं.

आता पुढचं. आम्ही फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे स्वतःचंच विद्युत ध्रुवण असलेल्या, लिक्विड क्रिस्टलकडे वळतो आहोत. ते नेमॅटिकच्या मिलिसेकंदांऐवजी मायक्रोसेकंदांत वळतात, त्यामुळे एका फ्रेममध्ये कितीतरी जास्त नमुने बसतील. पण त्यांचा थर दोनेक मायक्रॉनचा लागतो आणि तो एकसारखा बसवणं आम्हाला जड जातं आहे. गणपतीत बेळगावला येते, तेव्हा दोन रिकामे सेल बरोबर आणीन. काकूंना नमस्कार सांगा. कांद्याच्या पेशींचे आधीचे आणि नंतरचे फोटो मोठे छापून पोस्टाने पाठवले आहेत.

मनापासून आभार, काका.

तुमची,
शेजारच्या ऑप्टिक्स लॅबमधली विद्यार्थिनी