बोटीला डिझेल धक्क्यावरच मिळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या डिसेंबरात मामेभावाची बोट मांडव्याहून मालवणला आणली, मी, तो, त्याचा मुलगा आणि आमच्याच वाडीतले एक तांडेल (बोट हाकणारे) काका असे चौघं. प्रवास सुंदर झाला, पण डिझेलपायी जी वणवण झाली आणि एकदा जीव गळ्याशी आला ते तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून हे पत्र.

बोट २८ फुटी, फायबरची, आत ६० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, टाकी १५० लिटरची. सात नॉट्सनी, म्हणजे तासाला सात सागरी मैलांनी, शांतपणे चाललं तर तासाला साधारण ८ लिटर जातं. मांडवा ते वाटेतली रत्नागिरी ११० सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे १६ तास आणि १३० लिटर. हिशेबात टाकी पुरते, पण तशी पुरवून कोणी शहाणा माणूस जात नाही. काकांचा नियम असा की एक हिस्सा जायला, एक हिस्सा यायला आणि एक हिस्सा हात न लावता ठेवायचा, कारण दुपारनंतर वारा उठला आणि समोरून लाटा आल्या की तेच अंतर कापायला दीडपट डिझेल लागू शकतं. त्यामुळे मध्येच एका बंदरात भरायचं ठरलं. बंदराचं नाव लिहीत नाही, कारण हीच गोष्ट दुसरीकडेही घडली असती.

धक्क्यावर मच्छीमार सोसायटीचा पंप होता, तिथल्या माणसाने नीट सांगितलं की हे डिझेल सभासदांच्या नौकांसाठी, कोटा ठरलेला, करपरताव्याचा हिशेब द्यावा लागतो, तुम्हाला नाही देता येत. त्याचं अगदी बरोबर आहे, मच्छीमारांच्या सवलतीतला एक थेंबही आम्हाला नको. पण पूर्ण दराने, बिल घेऊन डिझेल घ्यायचं म्हटलं तर धक्क्यावर दुसरी सोयच नाही! मग रिक्षा करून गावातला पंप गाठला तर ते प्लास्टिकच्या साध्या कॅनमध्ये द्यायला तयार नाहीत, तेही चूक नाही, शेवटी एका ओळखीच्याकडून २० लिटरचे पाच चांगले कॅन मागून आणले आणि भरून धक्क्यावर आलो तोवर ओहोटी लागली होती, बोट चिखलात बसलेली आणि पाणी पार लांब. भरती यायला सहा तास.

अंधार पडल्यावर शेवाळलेल्या पायऱ्यांवरून एकेक कॅन खाली नेला. भरलेला २० लिटरचा कॅन म्हणजे १७ किलो तरी होतो, बोट हलतेय, एकाने नरसाळं धरलंय, एकाने बॅटरी, आणि तिसऱ्या कॅनला लाट आली आणि चार-पाच लिटर डिझेल सरळ पाण्यात. त्याचा तवंग किती लांब पसरतो हे बघून मला खरंच लाज वाटली. शेजारीच खडकावर सकाळी बायका कालवं काढायला येतात, त्यातली एक मावशी धक्क्यावर होती, ती म्हणाली, आता दोन दिवस आमच्या कालवांना वास येणार, घेणार कोण? तिला काय उत्तर देणार आम्ही.

दुसऱ्या दिवशी त्याचा खरा फटका बसला. कॅनमधून नाहीतर ओतताना, कुठून तरी डिझेलमध्ये पाणी गेलं होतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाला गाळाबरोबर गप बसून राहतं, समुद्र सपाट असेपर्यंत काहीच कळत नाही, पण बोट डोलायला लागली की तळ ढवळतो आणि ते सगळं फिल्टरमध्ये येतं. म्हणजे इंजिन बंद पडतं ते नेमकं लाटांत, खाडीच्या तोंडाशी नाहीतर एखाद्या टोकापाशी. आमचंही तसंच झालं, दोन गचके देऊन इंजिन थांबलं आणि बोट खडकाच्या बाजूला वाहायला लागली. भाऊ इंजिनचं झाकण उघडायला धावला तर काका ओरडले, "आदी नांगर टाक, मगे इंजिनाक बघूया!" नांगर धरला म्हणून वाचलो. फिल्टरच्या खालच्या वाटीतून जवळजवळ अर्धा ग्लास पाणी निघालं, मग नळीतली हवा काढून इंजिन सुरू करायला पाऊण तास गेला. आमच्याकडे व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रेडिओ होता, मदत मागायचा चॅनेल १६ लावून ठेवलेला, आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबर मुलाने केव्हाच फोनवर काढून ठेवला होता, तो लावायची वेळ आली नाही एवढंच.

हे डिझेलचं झालं. मालवण, तारकर्लीला डॉल्फिन दाखवायला, स्कूबाला ज्या पेट्रोलच्या आउटबोर्ड (मागे बाहेरून इंजिन लावलेल्या) बोटी जातात त्यांची मला जास्त काळजी वाटते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाला साचते आणि एका ठिणगीला पेटते, म्हणून सुटी टाकी बोटीतून काढून धक्क्यावर जमिनीला टेकवून भरायची आणि भरताना एकही पर्यटक बोटीत नको. मी मात्र माणसं बसलेली असताना कॅनमधून ओतताना स्वतः बघितलंय. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं, आणि महिनाभर कॅनमध्ये ठेवलेलं पेट्रोल खाऱ्या दमट हवेत बिघडायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात बोट वर काढून ठेवताना डिझेलची टाकी अर्धी ठेवू नका हेही सांगतो, रिकाम्या जागेत दव धरतं आणि तेच पाणी सीझनच्या पहिल्या फेरीला इंजिनात येतं.

महाराष्ट्र सागरी मंडळाला माझी हात जोडून विनंती आहे की दिघी, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण अशा अंतरा-अंतरावरच्या निदान चार-पाच ठिकाणी, जिथे ओहोटीलाही पाणी राहतं अशा जागी, तरंगत्या धक्क्यावर डिझेल-पेट्रोलचा एक पंप द्यावा. पूर्ण दर घ्या, बोटीचा नोंदणी नंबर लिहून घ्या, पण नळी थेट टाकीच्या तोंडात जाऊ दे आणि सांडलं तर टिपून घ्यायचं साहित्य बाजूला असू दे. वेळ ऑफिसची नको, भरतीची असावी. प्रवासी बोटवाले, स्कूबावाले, पर्यटनावर पोट असलेली आमच्या गावातली मुलं, सगळ्यांनाच याची गरज आहे, आणि त्या कालवंवाल्या मावशीला तर सगळ्यात जास्त.

आम्ही मे संपायच्या आत बोट परत मांडव्याला न्यायची म्हणतोय. परतीला वारा समोरून, डिझेल जास्त लागणार, आणि कॅन अजून तेच पाच आहेत.

आपला,
एक नियमित वाचक, मालवण