मंदे, बाळूवर निबंध लिहिला मी

न्यू जर्सी
14 जुलै

प्रिय मंदे,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे. माझा गुडघा आहे तसाच, सुहासची शुगर गोळीवर ताब्यात, ईशा ठणठणीत आणि दुपारी बारापर्यंत झोपलेली. झालं, तब्येतीचं संपलं.

फोनच करणार होते. पण फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस, पाटील सरांच्या तासालाही देत नव्हतीस. आणि जे सांगायचंय ते दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, कारण दुसऱ्या कुणी आपल्या बालवाडीतल्या बाळूला बघितलेलं नाही.

अगं, मी परीक्षा दिली. इंग्रजीची. कॉलेजात जायचं पक्कं केलंय हे तुला माहीत आहेच. इथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, प्रवेशाला टक्के लागत नाहीत, वयाचं कुणी विचारत नाही. न्यू जर्सीत अशी 18 कॉलेजं आहेत आणि अर्ज केला की घेतात. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली होती. पण दार सगळ्यांना उघडं असलं तरी आत गेल्यावर चाळण आहे, ते मला आत गेल्यावर कळलं. कुणाला सरळ कॉलेजच्या इंग्रजीत बसवायचं, कुणाला आधी तयारीच्या वर्गात, कुणाला ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही त्यांच्या वर्गात, हे ठरवायला प्लेसमेंट टेस्ट. आमच्या इथे अ‍ॅक्युप्लेसर नावाची घेतात. कॉलेज बोर्डाची आहे, तेच ते, ईशाच्या एसएटीवाले, कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे.

काउंटरवरच्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, घरी कुठली भाषा बोलता? मी अभिमानाने मराठी म्हणाले. तिने एक खूण केली, आणि त्या खुणेवर माझी परीक्षाच बदलली. इंग्रजी बोलणाऱ्यांची वेगळी, आमची वेगळी. बी.ए.चं प्रमाणपत्र, शिवाजी विद्यापीठाचा शिक्का, त्याचं इथे करून घेतलेलं मूल्यांकन, सगळं फाइलमध्ये घेऊन गेले होते. ते तिने परत दिलं. पदवी मराठी माध्यमाची, तेव्हा इंग्रजीतून सूट नाही.

परीक्षा कशी असते ते ऐक, तुला आवडेल, तुला परीक्षा आवडायच्या. वाचन, भाषेचा वापर, वाक्याचा अर्थ आणि ऐकणं, प्रत्येकात 20 प्रश्न. घड्याळ नाही. पण प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागे येऊन उत्तर बदलता येत नाही. तुझी ती पद्धत, आधी सोपे सोडवायचे, अवघड मागे ठेवायचे, घाटगे बाईंनी घोटून घेतलेली, ती इथे चालतच नाही. वर हे कॉम्प्युटर तुमच्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न निवडतं. बरोबर आलं की पुढचा अवघड, चुकलं की सोपा. मला एकदम सोपा प्रश्न आला की पोटात गोळा यायचा, की मागचं चुकलं वाटतं. सोपा प्रश्न बघून कुणाला घाम फुटेल असं घाटगे बाईंना स्वप्नातही आलं नसतं.

गुण 20 ते 120 मध्ये देतात. भाषेच्या वापरात मला 111. अगं, घाटगे बाईंचे पॅसिव्ह व्हॉइस आणि इनडायरेक्ट स्पीच! फळ्यावर खडू मोडेपर्यंत त्यांनी जे लिहून घेतलं, ते इतक्या वर्षांनी परक्या मुलखात माझ्या बाजूने उभं राहिलं. बाई असत्या तर मी त्या रात्रीच फोन केला असता. वाचनही चांगलं गेलं.

आणि ऐकण्यात 64.

हेडफोन लावायचा, दोन माणसं बोलतात, लायब्ररीचं, बसचं, कुणीतरी वर्ग चुकवल्याचं, आणि मग प्रश्न. शब्द ओळखीचे, पण एकमेकांत मिसळून येतात, अर्धे गिळलेले. मंदे, मी यावर फार विचार केला. पाचवीपासून दहावीपर्यंत आपण इंग्रजी शिकलो, त्यात इंग्रजी ऐकलं किती? बाई धडा वाचायच्या आणि मराठीत अर्थ सांगायच्या, तेवढंच. आपण डोळ्यांनी शिकलो. मग 2011 मध्ये इथे आले ती एच-4 वर, नवऱ्याच्या नोकरीला जोडलेला व्हिसा, त्यावर बायकोला कामाची परवानगीच नव्हती. 2015 मध्ये नियम बदलला, तोही सगळ्यांसाठी नाही, ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापुढे गेलंय त्यांच्यासाठी. आमचं तेव्हा गेलेलं नव्हतं. शेजारी तेलुगू, दुकानदार गुजराती, मंडळात मराठी, डॉक्टरकडे सुहास बरोबर. कान घरात बसून कसा तयार होणार? त्या 64 मध्ये माझी बुद्धी कमी आणि आमची व्हिसाची वर्षंच जास्त आहेत, असं माझं ठाम मत झालंय. तू म्हणशील मी कारणं शोधते. शोधत नाही. ऐकण्याच्या वर्गात मला टाकलं ते योग्यच केलं, मी आनंदाने जाईन. लहान मुलांना शिकवायचं तर मुलं गिळून गिळूनच बोलणार, तो कान मला हवाच.

माझा जीव अडकलाय तो निबंधात.

शेवटी निबंध होता. विषय बाहेर सांगायचा नसतो, तेव्हा तो राहू दे. पण विषय असा होता की मला दुसरं काही सुचलंच नाही, फक्त बाळू. बालवाडीच्या दारात बसायचा तो, आत यायचा नाही, पाटीला हात लावायचा नाही. मी लिहिलं की आमच्या कराड भागात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बैलगाड्या घेऊन, पालं ठोकून राहतात, आणि हंगाम संपला की मुलं शाळा अर्धी टाकून परत जातात. बाळू त्यातला, हेही लिहिलं. दिवाळीनंतर आला तो संक्रांत उलटली तरी तोंडातून अक्षर नाही, बायका त्याला मुका समजल्या. आणि मग तू भिंतीवरच्या चित्राला काठी लावून ‘ही गाय’ म्हणालीस, आणि दारातून आवाज आला, ‘ती गाय नाय, बैल हाय.’

आता तू म्हणणार, ‘शैले, चित्राला काठी तू लावली होतीस आणि चूक मी पकडली.’ मंदे, त्यावरून आपण भांडलोय तेवढं पुरे. चित्र तू आणलं होतंस, काठी तुझ्या हातात होती, आणि बैलाला गाय तूच म्हणालीस. निबंधात मी ‘माझी मैत्रीण’ एवढंच लिहिलंय.

मी लिहिलं की त्या पोराला भाषा येत होती, सगळं कळत होतं, त्याला बोलण्यासारखं काही मिळालं नव्हतं इतकंच. ज्या गोष्टीत तो आपल्यापेक्षा जास्त जाणता होता, ती गोष्ट समोर आली आणि तो बोलला. मग आपण त्याला जनावरांची सगळी चित्रं दिली आणि तो बाकीच्या पोरांना शिकवायला लागला. हे मी इंग्रजीत लिहिलं, मंदे. तासभर. मान वर केली नाही. इतकं सलग मी आजवर मराठीतही लिहिलं नव्हतं.

शेवटचं बटण दाबलं आणि चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ न जाता गुण आले. सहापैकी चार. कुणी वाचला नाही गं तो. यंत्र तपासतं. आधी माणसांनी तपासलेले पुष्कळ निबंध त्याला दाखवून शिकवलेलं असतं, त्यावरून ते शब्दांचा वापर, वाक्यरचना, व्याकरण, मांडणी असलं बघतं. वाईट काही नाही त्यात, हजारो मुलांचे निबंध कोण वाचणार. पण बाळूचा बैल यंत्राला काय कळणार? ऊसतोड म्हणजे काय हे सांगण्यात माझे दोन परिच्छेद गेले, तिथेच मांडणी फसली असं त्याला वाटलं असेल.

त्या चारचा अर्थ असा की कॉलेजच्या पहिल्या इंग्रजीच्या आधी मला लेखनाचे ईएसएलचे दोन कोर्स, म्हणजे दोन सेमिस्टर. फी पूर्ण, आणि त्यांची क्रेडिट, म्हणजे कोर्स पुरा केल्याचे श्रेयांक, पदवीला लागणाऱ्या 60 मध्ये धरत नाहीत. दोन वर्षांचं तीन वर्षांवर जाणार. पुढच्या वर्षी ईशाचीही फी सुरू. आणि मला थांबायचं तिथे नाहीच. इथे सरकारी शाळेतल्या बालवर्गावर शिक्षिका व्हायचं तर चार वर्षांची पदवी आणि पी-थ्री नावाचं प्रमाणपत्र लागतं. कम्युनिटी कॉलेजातून राज्याच्या विद्यापीठात क्रेडिट नेता येतात, तसा 2007 चा कायदाच आहे, म्हणून तर हा रस्ता धरला. त्यात हे एक वर्ष.

सुहास म्हणतो, बस वर्गात, घाई कुणाला आहे. ईशा म्हणते, भांड. ती रात्रभर बसून कागद काढते. तिने सांगितलं की कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजच्या संशोधकांनी 2012 पासून या परीक्षांवर बरंच लिहिलंय, आणि त्यांच्या हिशेबात इंग्रजीत साधारण तिघांतला एक जण चुकीच्या वर्गात पडतो. कोलंबिया म्हणजे आपले बाबासाहेब शिकले ते विद्यापीठ, मला लगेच विश्वास वाटला. हिशेब मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांच्या परीक्षेचा आहे हे खरं, पण त्यांचीच ही गत तर आमची काय असेल. कॅलिफोर्नियात तर 2017 मध्ये कायदा केला, आधी शाळेतले गुण बघा, उगीच कुणाला खालच्या वर्गात अडकवू नका, आणि ईएसएलवाल्यांनाही तीन वर्षांत कॉलेजच्या इंग्रजीपर्यंत पोचता येईल अशीच व्यवस्था लावा. फ्रीमाँटची आमची वन्सं त्यामुळे परीक्षा न देताच वर्गात बसली आणि पासही झाली. ती हे फार वेळा सांगते.

मला भांडायचं नाही. मला एवढंच हवंय की माझा निबंध कुणीतरी वाचावा. मी अ‍ॅडव्हायझरला हेच म्हणाले, आणि ती चांगली निघाली. म्हणाली, ईएसएल विभागातल्या प्राध्यापकांसमोर बसून पुन्हा लिहिता येतं, हाताने, आणि ते स्वतः वाचून ठरवतात. येत्या गुरुवारची वेळ दिलीय. त्यांनी वाचून सांगितलं की बाई, तुम्ही खालीच बसा, तर मी बसेन. एका शब्दाने बोलणार नाही. वाचणाऱ्याचा निकाल मला मान्य आहे.

हा हट्ट आहे का? तू मला कायम हट्टी म्हणत आलीस. आठवतं ना, 2000 मध्ये सरकारने पहिलीपासून इंग्रजी केलं आणि तू बालवाडीच्या पाटीवर इंग्रजीत नाव रंगवून आणलंस. मी म्हणाले, आधी पोरांना आपल्या भाषेत बोलतं करू. तू म्हणालीस, शैले, तू यांना मागे ठेवणार. आपण उन्हाळाभर बोललो नाही. परवा हेडफोन काढून ठेवताना मला तुझं ते वाक्य आठवलं आणि मी मनात तुझ्याशी पुन्हा सगळं भांडण केलं. तुझं काही खरं होतं. कानावर लवकर पडायला हवं, हे मी आता मान्य करते. पण बाळू मराठीतच बोलता झाला आणि म्हणून पुढे शिकायला तयार झाला, हे माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही, आणि त्याच म्हणण्यावर मी गुरुवारी उभी राहणार आहे.

तुझं काय? काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? दुसऱ्या डोळ्याचं दिवाळीआधी उरकून घे, पुढे ढकलू नकोस. ओंकारला पुण्याला मिळालं की कोल्हापूरला? कुठेही मिळो, मेसचं आधी बघ. पत्रे बदललेस का, पाऊस जोरात आहे म्हणतात. नव्या बाईंशी जमवून घे, तुझ्याशी जमवणं सोपं नसतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत.

आता एक काम. मला विषय कुठलाही दिला तरी बाळू त्यात येणारच, आणि या वेळी तपशील पक्के हवेत. लोखंडी कपाटात जुनी हजेरीपत्रकं आहेत, खालच्या कप्प्यात, तू टाकली नसशील. त्या वर्षीचं काढ. त्याचं नाव आपण कधी लिहिलं, आणि बोलला त्या दिवशी तू समासात लाल पेनने काहीतरी लिहिलं होतंस, ते काय होतं? तारीख बघ. त्याची टोळी कोणत्या गावची होती तेही त्यात असेल. पानाचा फोटो पाठव, बुधवारच्या आत. गुरुवारी सकाळी दहाला मला बसायचंय, तुझ्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात असतील.

काकूंना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझी,
शैला

ता.क. फोटो उजेडात काढ आणि पान सरळ धर. मागच्या वेळी पाठवलेल्या लग्नपत्रिकेत मला फक्त तुझा अंगठा दिसला होता.